उशिरा पेटलेली ट्यूब

मागच्या रविवारी चाकणचं ट्रॅफिक पार करत राजगुरुनगरला काकांच्या कापडदुकानात पोचले, तर काउंटरवर एक काकू तावातावाने बोलत होत्या. "अहो, काल इथे साडीला अगदी मॅच होत होता. घरी उन्हात बघते तर चक्क जांभळट!" काकांनी मुकाट्याने मरून ब्लाउजपीस बदलून दिला. महिन्यातली चौथी वेळ. कापलेला तुकडा परत घ्यायचा म्हणजे तोटा, वर नाव खराब.

"काका, खोट कापडात नाही, उजेडात आहे."

"तुझं आपलं काहीतरीच!"

मी स्टुलावर चढून ट्यूब उतरवली. टोकाशी छापलं होतं, ७६५.

तर मंडळी, फंडा सिंपल आहे. ट्यूबमधली पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते. ते आपल्याला दिसत नाहीत. काचेला आतून लावलेली फॉस्फर पावडर त्यांचा उजेड करते. म्हणजे रंग ठरवते ती पावडर, वॉट नव्हे! स्वस्त ट्यूबमध्ये हॅलोफॉस्फेट असतं. त्याच्या उजेडात लाल कमी, म्हणून मरून मळकट दिसतो. ट्रायफॉस्फरमध्ये लाल, हिरव्या, निळ्या उजेडाच्या तीन पावडरी असतात. रंग बरेच खरे दिसतात आणि तेवढ्याच विजेत उजेडही जास्त.

कोडमधला पहिला आकडा रंगांच्या खरेपणाचा. ७ म्हणजे शंभरात सत्तरच्या घरात, ८ म्हणजे ऐंशीच्या पुढे. उरलेले दोन छटेचे. ६५ म्हणजे ६५०० केल्विन, निळसर पांढरा. २७ म्हणजे बल्बसारखा पिवळसर.

मग ८६५ घ्यायची? थांबा! मिनामाटा करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवलंय, की पाऱ्यामुळे हॅलोफॉस्फेट ट्यूब २०२६ पर्यंत आणि ट्रायफॉस्फर २०२७ पर्यंत बंद करायच्या. म्हणून एलईडीच घ्या. ३६ वॉटच्या ट्यूबचं काम ती साधारण २० वॉटमध्ये करते. पण तिथेही निळ्या चिपवर फॉस्फरच असतं, त्यामुळे नुसते वॉट बघून फसू नका. खोक्यावर सीआरआय शोधा. घरासाठी ८० चालेल, कापडासाठी ९०.

काकांनी ९० वाली लावली. थोडी महाग पडली, पण दोन ब्लाउजपीसच्या तोट्यात वसूल! जुनी ट्यूब मात्र कचऱ्याच्या डब्यात टाकू दिली नाही. पारा असतो ना, ती ई-कचऱ्यातच द्यायची.

निघताना काका हसले, "चला, माझी ट्यूब पेटली एकदाची!"