कृत्रिम मूत्रपिंड आणि तुरटीचे पाणी

डायलिसिसचा इतिहास सहसा दोन नावांभोवती फिरतो. नाझींच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये कृत्रिम मूत्रपिंड उभे करणारे विलेम कोल्फ, आणि १९६० मध्ये सिॲटल येथे दीर्घकालीन डायलिसिस शक्य करणारे बेल्डिंग स्क्रिब्नर. हा गौरव रास्तच. पण यंत्रातून वाहणाऱ्या पाण्याला या इतिहासात जागाच नाही, आणि तिथेच तो अपुरा पडतो.

१९७२ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या ॲलन अल्फ्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विकाराची नोंद केली. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेले रुग्ण अडखळत बोलू लागत, स्नायूंना झटके येत, स्मृती ढासळे आणि काही महिन्यांत मृत्यू गाठे. १९७६ मध्ये त्यांच्या मेंदूत ॲल्युमिनियम साठल्याचे दिसले. संशय प्रथम फॉस्फेट रोखणाऱ्या ॲल्युमिनियमयुक्त औषधांवर गेला. औषधे निर्दोष नव्हतीच. पण ती सर्वत्र दिली जात असताना विकार काही शहरांतच का बळावला?

उत्तर दिले ते ब्रिटनच्या नकाशाने. न्यूकॅसलमध्ये याच रुग्णांची हाडे मऊ पडून मोडत होती. गावोगावच्या केंद्रांची तुलना झाली, तेव्हा मेंदूचा आणि हाडांचा विकार पाण्यातील ॲल्युमिनियमच्या प्रमाणाशी जुळला. नगरपालिका गाळ खाली बसवण्यासाठी ॲल्युमिनियम सल्फेट वापरत. आपल्या घरच्या तुरटीच्याच कुळातले रसायन. प्यायलेल्या पाण्यातील ॲल्युमिनियम आतडे फारसे शोषत नाही, शोषलेले मूत्रपिंड बाहेर टाकते. डायलिसिसच्या एका सत्रात मात्र सुमारे १२० लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रक्ताला भिडते, आणि बाहेर टाकणारे मूत्रपिंड तर निकामीच असते. ‘पिण्यास योग्य’ हा दाखला इथे कुचकामी ठरला.

हे सारे छापून आल्याला जवळपास दोन दशके लोटल्यावर, १९९६ मध्ये, कॅरिबियनमधील कुरासाओ बेटावर डायलिसिस केंद्राकडे येणारी जलवाहिनी बदलण्यात आली. नव्या नळाला आतून सिमेंटचा लेप होता. बेटाचे पाणी समुद्राचे ऊर्ध्वपातन करून मिळवलेले, म्हणून मृदू. त्याने लेपातले ॲल्युमिनियम ओढून घेतले. १० रुग्ण दगावले. याला ‘अपघात’ म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. धोका वैद्यकाला ठाऊक होता. नळ टाकणाऱ्यापर्यंत तो पोहोचवणे हे कोणाचेच काम नव्हते.

आज डायलिसिसच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक ॲल्युमिनियम चालत नाही. म्हणूनच यंत्रांच्या मागच्या खोलीत आर.ओ. संयंत्र चालू असते. कोल्फ-स्क्रिब्नरांच्या कथेत त्या खोलीचा उल्लेख क्वचितच सापडतो.