चांदी शोधा, पण खाणीत शिरू नका!

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात कोबाल्ट नावाचं छोटं गाव आहे. १९०३ मध्ये रेल्वेमार्ग टाकताना तिथे चांदी सापडली. चांदी बहुधा संयुगांत मिळते. इथे मात्र कॅल्साइटच्या शिरांमध्ये चक्क धातूच्याच रूपात होती. आता जुन्या खाणी ओस पडल्यात, आणि हौशी मंडळी मेटल डिटेक्टर घेऊन बाहेरच्या टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्यांत नमुने शोधतात.

मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी, पण 'खजिना' म्हणून नको. ओसाड खाणीत शिरणं हे धाडस नव्हे. आत कुजलेले टेकू, उघडी विवरं आणि कोंदट हवा असते. बाहेरही सावध राहावं लागतं. दगडावरचा सुंदर गुलाबी थर चांदीची शिर जवळ असल्याची खूण असू शकतो, पण त्यात कोबाल्टसोबत आर्सेनिकही असतं! म्हणून आधी जागामालकाची परवानगी, हातात मोजे आणि जेवणापूर्वी हात धुणं.

नमुना वितळवला की उरतो फक्त बाजारभाव. जागेची नोंद ठेवली, तर तोच दगड भूगोल आणि रसायनशास्त्र दोन्ही शिकवतो. म्हणून पालकहो, मुलानं साधा दगड जरी घरी आणला, तरी "केवढ्याचा?" म्हणू नका. "कुठे सापडला रे?" असं विचारा.