भारुडातला मुका

दिवाळी अंकासाठी काहीतरी उजेडाचे लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा माझ्यापुढे एक प्रश्न तीन महिने पडून होता. वर्षभर या सदरात मी वाचकांशी भाषेच्या, पुस्तकांच्या आणि घरगुती गमतींच्या गप्पा मारल्या; आज मात्र एका फजितीची हकीगत सांगतो. फजिती माझीच आहे, तेव्हा कोणाला राग यायचे कारण नाही.

गेल्या पावसाळ्यात मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला एकनाथांची भारुडे शिकवीत होतो. नाथांच्या भारुडांत आंधळा येतो, बहिरा येतो, तसा मुकाही येतो. हा मुका लोकांपुढे उभा राहून आपली वाचा का गेली ते सांगतो. मुक्याने बोलावे हीच मुळात गंमत, त्यामुळे वर्गही खुशीत होता. साधुसंतांची निंदा केली, हरिभक्तांविषयी कधी बरा शब्द काढला नाही, म्हणून ही दशा झाली, असे तो म्हणतो. मी रंगात येऊन फळ्यावर 'कर्माचे फळ' असे लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. वीस वर्षे मी त्या रेघा ओढीत आलो आहे.

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी टेबलापाशी येऊन उभी राहिली. ही मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही. म्हणाली, "सर, माझा धाकटा भाऊ बोलत नाही. अकरा वर्षांचा आहे. त्यानं कोणाची निंदा केली असेल?"

मी गडबडलो. "अगं, हे रूपक आहे. मनाला लावून घेऊ नकोस," असे काहीतरी बोललो.

"रूपक मला कळलं सर," ती म्हणाली. "आमच्या गल्लीला कळत नाही."

आणि ती निघून गेली. हातातला खडू मी खिशात टाकला आणि घरी येईपर्यंत सदरा पांढरा झाला होता, एवढेच मला त्या दिवसाचे आठवते.

पुढच्या रविवारी मी तिला विचारून तिच्या घरी गेलो. घर मुकुंदवाडीत. आमच्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले असले तरी जुन्या माणसांच्या तोंडून 'औरंगाबाद' अजून निसटते. मुकुंदवाडीला मात्र मुकुंदवाडीच म्हणतात. जालना रस्त्याच्या या भागात एका अंगाला सिडकोच्या वसाहती, पुढे चिकलठाण्याचे कारखाने आणि विमानतळ. शिवाय एक लहानसे रेल्वे स्टेशनही आहे. कारखान्यांच्या आधाराने गावोगावची माणसे येऊन इथे राहिली. या मुलीचे वडीलही असेच आलेले. कंपनीत पाळीवर जातात. आई घरी शिवणकाम करते.

मुलगा खिडकीशी टेकून बसला होता. गाडीची शिट्टी झाली की त्याचा चेहरा उजळे आणि तो मान वळवून ताईकडे पाही. तिने "जालन्याची" किंवा "मनमाडची" म्हटले की त्याचे समाधान होई. चुकीचे सांगितले, तर तो हसे. कारण दिशा त्याला ठाऊक होती! ज्याला गल्ली 'येडं' म्हणते, त्याची ही समज पाहून मी मुकाट्याने चहा घेतला.

त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा झाली, की हातापायांचे आणि कधी कधी जिभेचेही स्नायू मेंदूच्या ताब्यात राहत नाहीत. मूल फार आधी जन्मले, जन्मताना प्राणवायू कमी पडला, किंवा तान्हेपणीची कावीळ फार वाढली, अशी तिची कारणे असू शकतात. पुष्कळदा नेमके कारण हाती लागतही नाही. झालेली इजा भरून येत नाही. पण ती वाढतही नाही, आणि व्यायामाने, शिकवण्याने पुष्कळ काही साधते. वैद्यकाच्या या पानावर मागच्या जन्माचा रकाना नाही.

माउलीने मात्र तो रकाना भरून पाहिला होता. "लई देव केले सर," त्या म्हणाल्या. "कोणी म्हणलं पत्रिका दाखवा, कोणी म्हणलं तुमच्या घराण्याचं काही राहिलंय. एका बाबानं सांगितलं, गोळ्या बंद करा, अंगारा लावा. तिसऱ्या रात्री झटके आले ते थांबंचनात. मांडीवर लेकरू निळं पडलं. रिक्षात घालून नेलं. त्या दिवशी म्या ठरवलं, अंगारा कपाळाला अन् गोळी पोटात. दोघांनी आपापल्या जागी राहायचं."

फिट्सच्या गोळ्या मनाने एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. पण डॉक्टरांचे हे सांगणे आणि अंगाऱ्यावरची श्रद्धा यांची इतकी चोख वाटणी मी कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही.

मी विचारले, "मग देवावरचा विश्वास उडाला नाही?"

"उडाला होता की. वर्षभर दिवा नाही लावला."

"मग?"

त्या हसल्या आणि मुलाकडे बोट केले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले होते, पाय ताणून धरा, सावकाश सोडा, रोज करा. तो रडे, यांचे हात दुखत, मोजणी चुके. शेजारी बायकांचे भजनी मंडळ संध्याकाळी हरिपाठ म्हणते. तो भिंतीपलीकडून ऐकू येई. एक दिवस यांनी अभंग संपेपर्यंत पाय धरला, दुसऱ्या अभंगाला दुसरा पाय. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग अठ्ठावीस. ते संपेतो व्यायामही संपे. मुलाला चाल ओळखीची झाली आणि रडणे कमी झाले. हळूहळू भजनच या घरात येऊ लागले. आता बायका इथे बसतात. दोघीजणी मुलाच्या हाती टाळ धरवतात, आणि तेवढा वेळ ही बाई आतल्या खोलीत जाऊन झोपते. "हरिपाठ चालू असतो अन् मी झोपते," त्या ओशाळून म्हणाल्या. "पाप लागत असंल का हो सर?"

वाचकहो, अकरा वर्षे रात्रीची झोप न मिळालेल्या आईला हरिनामाच्या सावलीत तासभर झोप मिळत असेल, तर याहून मोठे पुण्य कोणते, ते निदान मला तरी ठाऊक नाही.

इतक्यात वडील पाळीवरून आले. बोलणे बेताचेच. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री आमच्या शहरातून हजारो माणसे पायी खुलताबादला निघतात, शनिवारी पहाटे भद्रा मारुतीचे दर्शन घेतात; हेही दरवर्षी जातात. मी म्हटले, "मुलासाठी नवस?"

"पहिली दोन वर्षं मागायला जात होतो. आता मागत नाही काही." जरा थांबून म्हणाले, "रातभर चालताना माणसाला रडता येतं सर. घरात कुठं रडणार?"

मुलीने मान खाली घातली. वडिलांच्या तोंडून तिनेही हे पहिल्यांदाच ऐकले असावे.

परत येताना मला वाटले, या घराने श्रद्धेचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. केनेथ पार्गामेंट हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. धर्म आणि संकटाला तोंड देणे या विषयावर त्यांनी १९९७ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : देव आपल्या बरोबर आहे, आपल्यासारखीच माणसे सोबत आहेत, असे मानणारी श्रद्धा संकटात माणसाला सावरते, आणि देव आपल्याला शिक्षा करतो आहे, त्याने आपल्याला टाकले आहे, असे वाटायला लावणारी श्रद्धा दुखण्यात भर घालते. मुकुंदवाडीच्या या माउलीने तो ग्रंथ वाचलेला नाही. तिने फक्त 'का?' हा प्रश्न देव्हाऱ्यात ठेवून दिला आणि 'आज काय?' हा हाती घेतला.

पण श्रद्धेची आणखी एक आडवाट आहे. कोणी मुलाला पापी म्हणतात, तसे कोणी त्याला देव करून टाकतात. 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे, असे पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये सुचवले. हेतू मानाचा होता, आणि शब्द सरकारदरबारी रुजलाही. पण गल्लीत शब्दाचे काय होते पाहा. एक बाई या मुलाच्या पाया पडून, मुलीच्या लग्नाचा नवस बोलून गेली. 'देवाचं लेकरू' म्हणाली. आई म्हणते, "पाया पडण्यापरीस घंटाभर त्याच्याजवळ बसली असती, तर मी डोईवरून न्हाले असते." मतिमंद व्यक्तीच्या ठायी अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे, तो काही उगाच नव्हे. पापी म्हणा की देव म्हणा, दोन्हीकडे मूल मूल राहत नाही.

त्या रात्री मी भारुड पुन्हा काढले. वीस वर्षे शिकवलेले. आता मात्र भीत भीत वाचले. आणि ज्या ओळींवरून मी दरवर्षी घाईने पुढे जात असे, तिथेच अडलो. नाथांचा मुका कोण होता? तो होता मोठा पंडित. वेद त्याला मुखोद्गत, शास्त्रे-पुराणे पाठ; आणि ज्ञानाच्या गर्वात त्याचे सगळे गेले. साध्यासुध्या भक्तांना त्याने तुच्छ लेखले. नाथांनी खिडकीत बसून गाड्या ओळखणाऱ्या लेकरावर बोट ठेवलेले नाही. त्यांनी बोट ठेवले आहे ते फळ्यावर दोन रेघा ओढणाऱ्यावर. वाचा असून जिला बरा शब्द सुचत नाही, ती जीभ मुकी. म्हणजे भारुडातला मुका वर्गात होताच. पण तो बाकावर नव्हता, टेबलामागे होता!

शिवाय देहाचे व्यंग म्हणजे पापाची पावती, असे म्हणणाऱ्यांनी विदर्भातल्या गुलाबराव महाराजांचे काय करायचे ते सांगावे. १८८१ मध्ये जन्मलेले हे सत्पुरुष तान्हेपणीच अंध झाले. आपण त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो, त्यांच्या ग्रंथांची पारायणे करतो. त्यांचे पूर्वजन्मीचे खाते कोणी तपासायला जात नाही. मग मुकुंदवाडीच्या मुलाचेच का?

आणि खुद्द नाथांची गोष्ट आपल्या पैठणची, इथून पन्नासेक किलोमीटरवरची. भर दुपारी गोदेच्या तापल्या वाळवंटात एक मूल रडत होते, अस्पृश्य मानलेल्या घरचे. नाथ स्नान करून येत होते. त्यांनी मूल कडेवर घेतले, त्याचे नाक-तोंड पुसले आणि त्याला आईपाशी पोचवले. कोणत्या कर्माने तुला हे चटके बसले, असे विचारल्याचे संतचरित्रात कुठे नाही. कारण वाळू तापलेली होती, आणि मूल आधी उचलायचे असते.

अशी उचलणारी माणसे आपल्यात आहेत. नाशिकच्या रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मतिमंद मुलाच्या दुःखातून १९७७ मध्ये 'प्रबोधिनी'ची शाळा उभी केली आणि शेकडो घरांचा भार हलका केला. आमच्या शहरात अंबिका टाकळकर यांची 'आरंभ' संस्था स्वमग्न मुलांसाठी काम करते. 'माझ्याच वाट्याला का?' या प्रश्नाला या बायांनी शाळा बांधून उत्तर दिले.

निघताना त्या माउलीने एक प्रश्न विचारला, तो प्रत्येक अशा घरात असतो. "आमच्या मागं याचं कोण?" त्यावर 'देव आहे' असे म्हणणे सोपे होते, पण एकदा तोंड पोळल्यामुळे मी गप्प राहिलो, आणि नंतर चौकशी केली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. अठराव्या वर्षानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती हे काम करते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले. हे मी त्यांना एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले. त्यांनी तो देव्हाऱ्यात हरिपाठाच्या पोथीखाली ठेवला. मला ती जागा योग्यच वाटली.

विद्यार्थिनीचे उत्तर राहिलेच होते. पुढच्या तासाला मी वर्गाला सांगितले, की मागच्या वेळी भारुडाचा अर्थ सांगताना माझी चूक झाली. आणि तो मुका कोण, ते नीट सांगितले. ती पहिल्या बाकावर होती. काही बोलली नाही. वहीतली जुनी ओळ तेवढी तिने खोडली.

आता दिवाळी. आपण फराळाची ताटे घेऊन घरोघर जाऊ, आणि आपल्या प्रत्येकाच्या आळीत असे एक घर असेल, जिथे आपण दारातूनच ताट देऊन परततो, कारण आत गेले तर काय बोलावे ते सुचत नाही. यंदा आत जावे. 'भोग असतात' म्हणू नये, 'देवाचं लेकरू' म्हणू नये. त्या मुलाचे नाव विचारावे, त्याला काय आवडते ते विचारावे, आणि त्याच्याजवळ तासभर बसावे. आई तेवढ्यात जरा पडेल.

भाऊबीजेला मला मुकुंदवाडीचे बोलावणे आहे. गाड्यांचे वेळापत्रक मी पाठ करतो आहे. चुकीचे सांगितले तर तो हसेल.