गाणे आणि पेहराव

नवे गाणे गावात आले की त्याच्या मागोमाग नवा पोशाख येतो, आणि मग घरोघरी वडीलधाऱ्यांचा व मुलांचा वाद जुंपतो. पडद्यावरील गायकाने घातले तसेच कपडे हवेत, असा हट्ट मुले सीताबर्डीच्या दुकानांत धरतात आणि पालक कपाळास हात लावतात. त्यांस वाटते, हे खूळ याच पिढीचे. आम्हांस तसे वाटत नाही.

बालगंधर्वांचेच उदाहरण घ्यावे. १९११ साली 'मानापमान' व १९१६ साली 'स्वयंवर' रंगभूमीवर आले, तेव्हा भामिनीची व रुक्मिणीची पदे जशी लोकांच्या तोंडी बसली, तशीच त्यांची लुगडे नेसण्याची ढब, वेणीतील फुले व अलंकार कुलीन स्त्रियांनी उचलले. नेसावे कसे हे स्त्रियांनी एका पुरुषाकडून शिकावे, ही मौज खरीच! परंतु या थाटाची किंमतही पडली. भरजरी शालू, अस्सल अत्तरे व सजावट यांवर सढळ हाताने खर्च करणारी ती नाटकमंडळी पुढे कर्जाच्या गाळात रुतली. अनुकरण करणाऱ्या घरांपैकी किती रुतली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

याच कथेस दुसरी बाजू आहे. राम गणेश गडकरी यांनी आपल्या नागपूरजवळच्या सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी देह ठेवला. त्यानंतर त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. त्यातील सिंधू म्हणजे पुन्हा बालगंधर्वच; पण आता अंगावर दारिद्र्याचे जीर्ण लुगडे. प्रेक्षक रडले, सिंधूची पदे माजघरापर्यंत पोहोचली. मात्र त्या जीर्ण वस्त्राचे अनुकरण कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गळा तोच, आणि पात्र आमच्या मते अधिक थोर. तरी मोह पडला तो शालूचाच. आपण गाण्याच्या मागे जातो असे म्हणतो खरे, पण पुष्कळदा जातो वैभवाच्या मागे. (पुढे १९७० नंतरच्या दशकात लंडनच्या पंक गायकांनी फाटके कपडे मिरविले, आणि आज फाटकी विजार धड विजारीहून महाग मिळते. फाटक्यासही भाव आला की ते चालते!)

नव्या सुरांशी आमचे भांडण नाही. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'त मुंबईच्या हॉटेलांतील नाचाचा ठेका आणला. गोमंतकीय वादक चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह झालरीचे सदरे घालून त्यात पडद्यावर आले. त्याने मराठी कान बिघडले नाहीत. बिघाड होतो तो दारापाशी. १९८८ साली चित्रकार हुसेन अनवाणी होते म्हणून मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांस आत घेतले नाही. २०१४ साली चेन्नईच्या एका क्लबने धोतर नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांस परत पाठविले. तेव्हा तमिळनाडूस असा मज्जाव बंद करणारा कायदाच करावा लागला. रात्रीच्या नृत्यगृहांत तर कित्येक ठिकाणी आधी पायांतील चप्पल पाहतात, मग माणूस.

हाच द्वारपाल आता शाळांच्या स्नेहसंमेलनांतही शिरू पाहत आहे. समूहगीतासाठी ठरलेला भाड्याचा पोशाख घरी परवडेना, म्हणून वर्गातील उत्तम गळ्याचा मुलगा मागे राहिल्याचे आम्ही एके ठिकाणी पाहिले. त्याने कारण सांगितले नाही. घसा बसला आहे असे म्हणाला. पुढे सारे गीत त्याने श्रोत्यांत बसून ओठांतल्या ओठांत म्हटले. तेव्हापासून आमचे मत पक्के झाले आहे. निवड आधी गळ्यावरून व्हावी. पोशाख मागाहून ठरावा, आणि तो सर्व गाणाऱ्यांच्या घरी मुळातच असेल तोच असावा. शाळेचा पांढरा सदरा प्रत्येकापाशी आहे. येत्या संमेलनाच्या निवडीपूर्वीच पालकांनी ही गोष्ट शिक्षकांच्या कानावर घालावी. मुले आपण होऊन ती घालणार नाहीत.