विश्लेषण : राडारोड्याच्या खडीचे काँक्रीट किती भक्कम?

जुन्या इमारतींच्या पुनर्विकासामुळे मुंबईत पाडकामाचा राडारोडा वाढतो आहे. त्यावर प्रक्रिया करण्यासाठी दहिसर आणि शिळफाटा येथे दररोज प्रत्येकी ६०० टन क्षमतेचे प्रकल्प आहेत. राडारोड्यापासून बनलेली खडी पुन्हा काँक्रीटमध्ये वापरता येते. मग अशा काँक्रीटच्या घरावर विश्वास ठेवावा का?

ताकद कमी का होते?

जुने काँक्रीट फोडून काढलेल्या खडीला सिमेंट-वाळूचा जुना थर चिकटलेला असतो. हा थर सच्छिद्र असल्याने खडी जास्त पाणी शोषते आणि नव्या सिमेंटची पकडही या कमकुवत थरावरच बसते. सगळी खडी अशी वापरल्यास दाब सोसण्याची क्षमता साधारण १० ते २५ टक्क्यांनी घटू शकते. प्रमाण २० ते ३० टक्क्यांपर्यंत असेल तर फरक सहसा किरकोळ असतो.

नियम काय सांगतो?

‘आयएस ३८३ : २०१६’ या भारतीय मानकानुसार निव्वळ काँक्रीटपासून मिळालेली खडी आरसीसी कामात २० टक्क्यांपर्यंत वापरता येते, तीही एम २५ किंवा त्याखालच्या प्रतीसाठीच. एम २५ म्हणजे २८ दिवसांनंतर प्रति चौरस मिलिमीटर २५ न्यूटन दाब सोसणारे काँक्रीट. लोखंड नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये ही मर्यादा २५ टक्के आहे. विटा, फरशा मिसळलेल्या राडारोड्याची खडी आरसीसीत चालत नाही. ती एम १५ पेक्षा कमी प्रतीच्या कामातच वापरता येते.

क्यूब टेस्ट पुरेशी आहे का?

नाही. क्यूब टेस्टमध्ये फक्त दाब सोसण्याची ताकद कळते. या खडीचे प्रमाण वाढले की काँक्रीटचा ताठरपणा घटतो आणि वाळताना ते जास्त आकसते. त्यामुळे तुळई अधिक वाकण्याची, तडे जाण्याची शक्यता वाढते. खडी आधी भिजवून घेणे आणि मिश्रणात पाणी दोन टप्प्यांत घालणे, हे त्यावरचे उपयोगी उपाय आहेत.

खरी अडचण कुठे?

पाडकामाच्या जागेवर. तिथे काँक्रीट, विटा आणि जिप्समचे छत एकाच डंपरमध्ये भरले गेले, की चांगली खडी मिळणे अवघड होते. केंद्राने २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार १ एप्रिल २०२६ पासून २० हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली आहे. पण वर्गीकरण झाले नाही, तर ही खडी रस्त्याच्या भरावात आणि पेव्हर ब्लॉकमध्येच जाईल. घराच्या स्लॅबसाठी डोंगर फोडणे मात्र थांबणार नाही.