तळं त्याचं, पाणी कुणाचं?

आज फवारणीचं, खताचं काही लिहीत नाही. आज पाण्याचा हिशोब मांडतो आणि जरा कडकच मांडतो. ज्याला राग येईल त्यानं खुशाल यावा, पण आधी आकडे तपासावेत.

मार्च लागला. आमच्याकडं एकाच शिवारात दोन तऱ्हा दिसतात. ओढ्याकाठच्या चाळीस फुटी जुन्या विहिरींचा तळ दिसायला लागलाय, मोटर अर्धा तास चालली की हवा ओढते. आणि वर माळावर कागद अंथरलेली शेततळी काठोकाठ भरलेली, भोवती तारेचं कुंपण, बाजूला डाळिंब हिरवंगार. पाहुणा आला की म्हणतो, वा, काय नियोजन आहे! शेतकरी मेळाव्यात त्याच तळ्यांचे फोटो 'जलसंधारण' म्हणून दाखवतात. माझं भांडण इथंच आहे. बोअरनं भरलेल्या तळ्याला जलसंधारण म्हणायचं असेल, तर दुसऱ्याच्या कणगीतलं धान्य आपल्या पोत्यात भरण्याला पण साठवणूक म्हणा.

आता हिशोब बघा. 44 बाय 44 मीटरचं तळं धरा, आपल्याकडं हे माप सर्रास आहे. खोली साडेपाच मीटरच्या आत-बाहेर. कडेच्या उतारानुसार त्यात साधारण 70 ते 80 लाख लिटर पाणी मावतं. वरचं तोंड 1936 चौरस मीटर. वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस झाला तर त्या तोंडातून थेट आत पडणारं पाणी 9 लाख 68 हजार लिटर. तळ्याचे बांध उंच, ओढ्याचं-वगळीचं पाणी आत यायला वाट ठेवलेली नाही. मग बाकीचं 60-70 लाख लिटर आलं कुठून? आभाळातून तर नाही आलं. ते जमिनीखालून आलं, म्हणजे सगळ्यांच्या पायाखालून. दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर सहाशे-सातशे टँकर झाले. एका तळ्यात.

दुसरा आकडा यापेक्षा वाईट आहे. उन्हाळ्यात आपल्या दुष्काळी पट्ट्यात उघड्या पाण्याची वाफ दिवसाला 8 मिलिमीटर तरी होते, मे महिन्यात त्याहून जास्त. भरलेल्या तळ्यावरून रोज साडेपंधरा हजार लिटर उडालं. पातळी उतरेल तसा आकडा कमी होईल, हे मान्य. पण भरल्या तळ्याचा हिशोब असा, की रोज दीड टँकर नुसता उन्हाला जातो. जलजीवन मिशनमध्ये माणसी रोज 55 लिटर पाणी धरलंय. त्या मापानं 281 माणसांचं रोजचं पाणी झालं हे. जमिनीखाली होतं तोवर त्याला ऊन लागत नव्हतं. आपण वीज जाळून ते वर काढलं आणि सूर्याला दाखवलं.

कुणी म्हणेल, माझ्या बोअरनं शेजाऱ्याची विहीर कशी आटेल? त्यासाठी खडक समजून घ्या. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकाच्या पोटात मोठं तळंबिळं काही नसतं. वरचा मुरूम, झिजलेला थर आणि भेगा, यात मावेल तेवढंच पाणी. शंभर घनफूट खडकातून एक ते तीन घनफूट पाणी मिळालं तरी पुष्कळ. ते थोडकं पाणी भेगाभेगांनी एकमेकाला जोडलेलं असतं. चारशे फुटांवरची भेग ओढायला लागली की वरच्या विहिरीचा झरा तुटतो. बांध माणसानं घातलाय, खडकाला तो माहीत नाही.

खडकाला माहीत नाही, पण कायद्याला बांधच तेवढा माहीत आहे. 1882 चा इंग्रजांचा इझमेंट कायदा सांगतो, की जमीन ज्याची त्याला त्याखालचं पाणी काढायचा हक्क. तेव्हा मोट होती. दोन बैलांनी दिवसभरात जेवढं निघेल तेवढंच निघायचं, म्हणून तो हक्क पचला. आता साडेसात हॉर्सपॉवरच्या पाणबुडी मोटरीला तोच हक्क लावला तर ज्याच्याकडं पैसा त्याची मोटर खोल, आणि ज्याची मोटर खोल त्याचं पाणी. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या भूमिहीनाला जमिनीखालचा एक थेंबही नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं ते सार्वजनिक तळ्यावर सगळ्यांचा हक्क सांगायला. आज सार्वजनिक तळं कोरडं आणि खाजगी तळं भरलेलं. आता अडवायला कुणी काठी घेऊन उभं राहत नाही, तारेचं कुंपण पुरतं.

झळ कुणाला बसते ते पण बघा. आधी ओढ्याकाठचा दोन एकरवाला. विहीर आटली की तो कर्ज काढून बोअर घेतो, पाणाड्याला नारळ देतो, तीनशे फुटांवर फुफाटा उडतो. बोअर कोरडं गेलं तरी कर्ज ओलंच राहतं. मग शेतमजूर. ज्वारी-गहू भिजला नाही तर काढणी-मळणीची मजुरी गेली. बागेत काम मिळतं, पण ठरावीक दिवसांचं आणि ठरावीक माणसांना. शेवटी बायाबापड्या. हापसा आटला की टँकर कधी येईल त्याची वाट बघत दिवस मोडायचा. त्या दिवसाचा रोज कुठल्या प्रकल्प अहवालात धरलाय का?

तळेवाले भाऊ काय म्हणतात ते मी ऐकलंय. त्यांना उत्तरं देतो.

1) "बाग मरू देऊ का? आमच्यावर पण कर्ज आहे." कुणी मारू म्हणत नाही. तुम्ही पण शेतकरीच, सावकार नाही. पण बाग लावताना गावाचं पाणी मोजलं होतं का? पाणी दोन एकरांचं आणि बाग आठ एकर, तर उरलेल्या सहा एकरांचं पाणी कुणाच्या तरी वाट्यातूनच येणार.

2) "सरकारनंच अनुदान दिलं." दिलं, आणि म्हणून सरकार पण दोषी आहे. 2016 ची 'मागेल त्याला शेततळं' योजना पावसाचं वाहतं पाणी अडवायला होती. सामूहिक शेततळ्यांना आणि कागदाला पण अनुदान मिळत आलंय. पण तळं कशानं भरलं, हे बघायला जानेवारीत कोण येतं? खड्ड्याचं माप घेतात, फोटो काढतात, काम झालं.

3) "आम्ही ठिबकवर आहोत, पाणी वाचवतो." ठिबक चांगलंच आहे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग वाढवली, तर जमिनीत काय राहिलं? एकरी बचत झाली आणि गावाचा उपसा होता तेवढाच राहिला, किंवा वाढला.

4) "उसाला का नाही बोलत?" बोलतो की. राज्याच्या पीकक्षेत्रात ऊस 4 टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा 70 टक्क्यांच्या घरात, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय. कालव्यावरचा ऊस आणि बोअरवरचं तळं, दोन्हीकडं दुखणं एकच. पाणी लोकांच्या डोक्यावर न वाटता जमिनीवर, पैशावर वाटलं जातं.

डोक्यावर पाणी वाटता येतं, हे आपल्याच मातीत करून दाखवलंय. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनीअर माणसानं पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. नियम सरळ होते: माणसी अर्धा एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनाला पण वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद ठेवले, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि मग पिकं ठरवली. पावसाचं गाव नाही ते, नगर जिल्ह्यातलं दुष्काळीच. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तिथं पण समन्यायी वाटपाचाच आग्रह होता. अवघड आहे, पण परग्रहावरचं नाही.

कायदा पण आहे. भूजलाचा 2009 चा कायदा राज्यात 2014 पासून लागू झाला. 60 मीटर, म्हणजे जवळपास 200 फुटांच्या खालच्या विहिरी-बोअरवर निर्बंध घालायची तरतूद त्यात आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही, हे तर 1993 पासून आहे. आणि बोअरची गाडी रात्री गावात येते, पहाटे निघून जाते. तलाठ्याला माहीत, सरपंचाला माहीत, सगळ्यांना माहीत. बोलत कुणी नाही, कारण उद्या आपल्याला पण बोअर घ्यायचंय.

म्हणून माझं मागणं एवढंच:

एक, कागदाचं अनुदान फक्त पावसाच्या किंवा कालव्याच्या पाण्यानं भरणाऱ्या तळ्याला द्या. आत यायची वाट नसेल तर पैसा नाही.

दोन, डिसेंबरनंतर बोअर-विहिरीचं पाणी तळ्यात सोडायला ग्रामसभेनं बंदी घालावी. पाऊस जोरात असताना, विहिरी तुडुंब असताना भरा, कुणाची ना नाही.

तीन, पावसाळा संपला की गावाचा ताळेबंद मांडा. आधी पिण्याचं, मग जनावरांचं, मग प्रत्येक घराला एका पिकापुरतं, आणि उरलं तर बागेला. हा क्रम उलटा चालणार नाही.

चार, भूमिहीनाचा वाटा कागदावर लिहा. तो स्वतः वापरेल, नाहीतर मोबदला घेऊन दुसऱ्याला देईल. पण हक्क त्याच्या नावानं राहील.

कृषी सहायक साहेब, शास्त्रज्ञ मंडळी, तुम्ही पण हे पेज वाचता. तुमच्या शिफारशीत एकरी उत्पादन असतं, एकरी नफा असतो. त्याच्या शेजारी अजून एक रकाना घाला: हे पाणी कुणाच्या विहिरीतून आलं. तो रकाना भरल्याशिवाय कुठल्याही शेतकऱ्याला 'प्रगतशील'चा फेटा बांधू नका.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. अर्जावर दहा जणांच्या सह्या घ्या, त्यात निदान चार बायांच्या आणि दोन भूमिहीनांच्या असू द्या. माझ्या आकड्यात चूक दिसली तर टेप घेऊन तळ्यावर या, दोघं मिळून मापू.