चिखलातले वाहन आणि पाणंदीचा हिशेब



गेल्या पावसाळ्यात आम्ही बैठकांसाठी गावोगाव फिरत होतो. बैठकीत विषय नेहमीचेच, भावाचे आणि कर्जाचे. पण बैठक मोडून चहा आला की दोन-तीन तरुण जवळ सरकत आणि मोबाइल पुढे करीत. पडद्यावर एक वाहन असे. चार फुगीर चाके, घोड्यावर बसावे तसे मांड टाकून बसायचे, आणि कमरेइतक्या चिखलातून ते घुसळत पार जायचे. मग प्रश्न येई, "भाऊ, हे आपल्या पाणंदीतून जाईल का? घ्यावे का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मृगाचा पाऊस पडला की दिवाळीपर्यंत शेताची वाट बंद, अशी कितीतरी गावे आहेत. खताचे पोते डोक्यावर न्यायचे, फवारणीचे पाणी खांद्यावर न्यायचे, आणि शेतात कोणाला साप चावला तर त्याला बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणायचे. वेचलेला कापूस खोपीत पडून राहतो आणि परतीच्या पावसात ओल धरतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. तो 8 टक्के ओलाव्यापर्यंत. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर सरकारी खरेदीच नाही. म्हणजे 12 टक्के ओलाव्याचा 20 क्विंटल कापूस नेला तर जवळपास साडेसहा हजार रुपये पाणंदीच्या चिखलात गेले. हा हिशेब ज्याला समजला, त्याने वाहनाचा विचार करणे हे शहाणपणच आहे. म्हणून या पोरांना आम्ही दिलेले उत्तर इथे सविस्तर मांडतो.

हे वाहन कोणासाठी बनले?

याला एटीव्ही म्हणतात. होंडा कंपनीने 1970 साली अमेरिकेत तीन फुगीर चाकांची गाडी विकायला काढली. हिवाळ्यात बर्फामुळे मोटारसायकली खपत नसत, म्हणून बर्फावरही चालेल असे काहीतरी विक्रेत्यांना हवे होते. 1982 साली सुझुकीने चार चाकांची गाडी आणली. पुढे चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाड्या निघाल्या आणि अमेरिका-कॅनडातल्या शिकाऱ्यांनी त्या उचलून धरल्या. तिकडे मूस नावाचे हरीण असते, चार-पाचशे किलोंचे. जिथे वाट नाही, दलदल आहे, तिथे ते मारले तर बाहेर काढायचे कसे? त्यासाठी हे वाहन.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा प्रश्नच निकालात काढला. आपण रात्री चिखल तुडवत जातो ते रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला, जागलीला. तिकडचा शिकारी हौसेने चिखलात उतरतो. आपला तो रोजचा धंदा आहे.

तिकडचा चिखल आणि आपला चिखल

चिखल सगळीकडे सारखा नसतो. तिकडच्या दलदलीत पालापाचोळा, रेती आणि पुष्कळ पाणी. चाक फिरले की चिखल उडून जातो. आपल्या भारी काळ्या जमिनीत 40 ते 60 टक्के चिकणमाती असते, आणि तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी पिऊन फुगते. हा चिखल उडत नाही, चिकटतो. पाऊस पडून गेल्यावर पहिल्या दिवशी पातळ असतो तेव्हा एक वेळ गाडी निघते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आटून लोण्यासारखा घट्ट झाला की चाकाला थरावर थर बसतात, नक्षी बुजून जाते आणि चाक लाटण्यासारखे गुळगुळीत होते. मोटारसायकलचा पुढचा मडगार्ड काढून फिरणारा प्रत्येक शेतकरी हे शास्त्र जाणतो. मोबाइलमधले वाहन पाण्यात पोहताना दिसते. ते तिसऱ्या दिवशीच्या काळ्या चिखलात कोणी दाखवीत नाही.

पारखायचे कसे?

वाहन कोणतेही असो, एटीव्ही असो, लहान ट्रॅक्टर असो की जुनी जीप, आम्ही पाच गोष्टी पाहायला सांगतो. अश्वशक्ती त्यांत नाही. चिखलात रुतलेल्या गाडीला जास्त शक्ती दिली तर ती फक्त जास्त खोल जाते.

पहिली, जमिनीवरचा दाब. चाकात जेवढी हवा, साधारण तेवढाच दाब मातीवर पडतो. मोटारसायकलमध्ये 25 ते 35 पौंड हवा असते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात 12 ते 20, एटीव्हीत 5 च्या आसपास. एटीव्हीचे खरे मर्म हेच, तिचे इंजिन नव्हे. पण भरलेल्या ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी कडक असतात. म्हणून ट्रॅक्टर निघतो आणि ट्रॉली रुतते. उपाय साधा, पावसाळ्यात ट्रॉली अर्धी भरा आणि दोन खेपा करा.

दुसरी, चाक आणि पत्रा यांच्यातली मोकळी जागा. हाताची मूठ सहज फिरेल एवढी तरी हवी. ती नसेल तर काळा चिखल तिथे बसून चाक जाम करणारच.

तिसरी, ओढ. चारही चाकांना ओढ असलेला लहान ट्रॅक्टर दोन चाकांच्या मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा पाणंदीत भरवशाचा. आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी आपला डिफरन्शियल लॉक तपासावा. एक चाक जागेवर फिरते, दुसरे गप्प उभे राहते, तेव्हा हा लॉक दोन्ही चाके एकत्र फिरवतो. तो सरळ चालीतच लावायचा आणि वळण्याआधी सोडायचा. हा पायाखालचा खटका कशासाठी आहे हे दहा-दहा वर्षे ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना माहीत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

चौथी, मिस्त्री किती कोसांवर आहे. एटीव्हीत गियरऐवजी बहुधा पट्टा असतो. पट्ट्यात पाणी शिरले की तो घसरतो, चिखलाने रेडिएटर बुजला की इंजिन तापते, धुऱ्याचे रबर फाटले की आत माती जाते. तिकडचा शिकारी गाडी दुकानात सोडून घरी जातो. आपला पट्टा तुटला तर तो कोणत्या शहरातून येणार, किती दिवसांनी येणार, आणि तोवर पेरणी थांबणार का? ज्या वाहनाचा सुटा भाग तालुक्याच्या बाजारात मिळत नाही, ते कितीही भारी असले तरी शेतकऱ्याच्या लेखी भरवशाचे नाही.

पाचवी, वर्षातले कामाचे दिवस. पोलारिस कंपनीने 2020 साली भारतात स्पोर्ट्समन 570 नावाची गाडी आणली, तिची ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होते. किंमत तेव्हा 8 लाखांच्या घरात. ती मागे ओढते साधारण साडेपाचशे किलो. भावांनो, आपली बैलजोडी टायरच्या गाडीत एक टन ओढते. साडेपाचशे किलोंसाठी 8 लाख, आणि चिखलाचे दिवस वर्षात फार तर 60 ते 70. कोरडवाहू पाच एकरांचे उत्पन्न हे व्याज पेलणार नाही. एखाद्या बागाईतदाराला, नर्सरीवाल्याला ते परवडत असेल तर त्याने जरूर घ्यावे. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला असलेच पाहिजे, ही आमची भूमिका जुनी आहे. पण स्वातंत्र्य म्हणजे डोळे झाकून घेणे नव्हे.

जिवाचा हिशेबही करा

हे वाहन रुंदीला कमी आणि उंचीला जास्त, म्हणून लवकर उलटते. अमेरिकेत इतके अपघात झाले की 1988 साली तीन चाकी गाड्यांची विक्री बंद करावी लागली. ऑस्ट्रेलियात या गाड्यांखाली शेतकरीच चिरडून मरत होते. तिथे ऑक्टोबर 2021 पासून शेतीकामाच्या नव्या गाडीला उलटल्यावर जीव वाचवणारी चौकट सक्तीची झाली.

आपल्याकडे ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी नाही. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लाकूड बांधून तो काढण्याची रीत गावोगाव आहे. ती सोडा. चाक अडले की इंजिन पुढचा भाग वर उचलते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटतो. साखळी नेहमी खाली, ओढपट्टीलाच लावा, धुऱ्याला किंवा वर नको. ट्रॉलीतल्या बायामाणसांना आधी उतरवा. अर्धा तास गेला तरी चालेल.

वाटेवर चालेल, शेतात नको

शेतीशास्त्र शिकलेले म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. चिखलात जाऊ शकणारे वाहन मिळाले म्हणजे ते वाफशाआधी शेतात घालायचे, असे नव्हे. ओल्या काळ्या जमिनीवर जड चाक फिरले की खाली कडक थर बसतो. कपाशीचे सोटमूळ तिथे वाकते, पाणी मुरत नाही. रब्बी ज्वारी तर पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच जगते. जून-जुलैतली एक घाई जानेवारीतल्या कणसात दिसते. वाहन पाणंदीसाठी, शेतासाठी वाफसा. वाफशाला पर्याय कोणत्याही कंपनीने अजून काढलेला नाही.

मग आमचे मत काय?

एकट्याने एटीव्ही घेऊ नका. पाच-सात जणांनी मिळून चार चाकांच्या ओढीचा लहान ट्रॅक्टर घ्या, किंवा भाड्याने ठरवा. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेवढाच हातभार. ज्याची बैलजोडी आहे त्याने ती विकण्याची घाई करू नये. शेणखत देणारे आणि घरच्या कडब्यावर चालणारे चिखलातले वाहन दुसरे नाही.

आणि शेवटचा मुद्दा, जो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शहरातल्या माणसाला कामावर जायला चिखलातून चालणारी गाडी शोधावी लागत नाही. त्याच्या दारापर्यंत रस्ता येतो. आपल्याला रस्ता नाही, म्हणून आपण 8 लाखांचे वाहन शोधतो. रस्ता न दिल्याचा हा दंड आहे, आणि तो भरतो शेतकरी. कोणत्याही सरकारी हिशेबात या दंडाची नोंद नाही, उत्पादनखर्चातही तो कोणी धरीत नाही.

जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल, शरद जोशींनी जानेवारी 1980 मध्ये भामनेरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना घेऊन वांद्रे ते चाकण असा 64 किलोमीटरचा मोर्चा काढला, तो पक्क्या रस्त्यासाठीच. कांद्याच्या भावाची लढाई आणि रस्त्याची लढाई एकाच मातीतून उभी राहिली. रस्ता नसेल तर भाव मिळूनही हातात पडत नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचता कळले होते.

कायदे आपल्या बाजूचे आहेत, ते वापरले पाहिजेत. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. राज्य सरकारने 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही काढली. पण तुमच्या गावातली किती पाणंद मोजली गेली, किती मुरूम पडला आणि किती कागदावरच राहिला, हे विचारणारा कोणी हवा. आणि आपसातले एक सत्यही कबूल करू. पुष्कळ पाणंदी सरकारने नाही, आपल्याच धुऱ्यांनी खाल्ल्या आहेत. दर वर्षी नांगराचे एकेक तास वाटेत सरकवणारा शेतकरी उद्या स्वतःचाच कापूस अडवतो.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर तीन गोष्टी लिहा, आपल्या गावात पाणंदी किती, त्यांतल्या पावसाळ्यात बंद पडणाऱ्या किती, आणि मागच्या हंगामात वाटेअभावी कोणाचा किती माल भिजला. नावे आणि आकडे घालून लिहा. मोबाइलमधल्या वाहनाची चर्चा चहाच्या वेळी पुन्हा करू. आधी तो कागद टेबलावर येऊ द्या.